तात्पुरतं

एप्रिल संपत आला, तरी लेक सुपीरियरच्या काठाला बर्फ चिकटून आहे
आणि शेडमध्ये पेट्रोलचा वास.
आधी वाटलं, बर्फ काढायच्या यंत्राचा असेल.
मग पाहिलं, ब्युइकच्या पोटाखाली
काँक्रीटवर बशीएवढा ओला डाग,
कडेनं निळाजांभळा.

हॅनकॉकच्या गॅरेजवाल्यानं आकडा सांगितला,
गाडीच्या किमतीच्या दुप्पट.
"भंगारात द्या, इल्मा. लोखंड आहे, कुणीतरी घेईलच."
मी बरं म्हटलं, आणि येताना
पंचवीस फूट तांबं-निकेलची नळी आणली,
वेटोळं खांद्याला, पर्स अडकवावी तसं.

पंपाचा फ्यूज काढला, इंजिन चालू ठेवलं
आचके देत देत विझेपर्यंत.
बॅटरीची तार सोडली. पुठ्ठा अंथरला.
एकसष्टाव्या वर्षी गाडीखाली शिरायचं
तर बाहेर कसं यायचं ते आधी ठरवावं लागतं.

तीन नळ्या, चासीच्या कडेनं, शेजारी शेजारी:
जाणारी, परतणारी, वाफेची.
कुठली कुठली, ते आता गंजालाच ठाऊक.
नखानं खरवडलं की पापुद्रे सुटतात,
डोळ्यांत पडतात, तोंडात पडतात.
खारट.

खारटच असणार.
सव्वीस हिवाळे हिनं रस्त्यावरचं मीठ खाल्लं
आणि ते पसरत होता माझा बाप.
वाल्फ्रिड कोस्केला, काउंटीचा मिठाचा ट्रक,
पहाटे तीनला निघायचा
सातची शाळेची बस घसरू नये म्हणून.
त्या मिठावर आमची चूल पेटली,
माझे दात सरळ झाले,
भावाचं कॉलेज झालं. (तो फिनिक्सला असतो.
तिकडे गाड्या गंजत नाहीत, दर नाताळला सांगतो.)
घरी आला की बूट पांढरे, कडक.
आई दारातूनच ओरडायची, मीठ बाहेर ठेव.
बाहेर गाडी उभी असायची.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
आमचं माहीत नाही.
ही जागली. उणे वीसला सुद्धा
दुसऱ्या किल्लीला सुरू व्हायची.

टाकीच्या वर, जिथे हात पोचतो पण नजर नाही,
बोटांना रबर लागलं.
वीतभर होज, दोन्ही टोकांना क्लॅम्प,
दोन्ही स्क्रूच्या खाचा एका रेषेत.
त्याचीच खोड.
"तात्पुरतं आहे," म्हणाला होता,
"थंडी सरू दे, नीट करतो."

थंडी सरायच्या आत गेला.
मार्च होता, जमीन दगड झालेली,
कुदळ चालेना. मे उजाडेपर्यंत
त्यालाही तात्पुरतंच ठेवावं लागलं,
स्मशानाच्या त्या विटांच्या खोलीत,
अजून दोघांबरोबर.

त्याला अकरा वर्षं झाली.
अलीकडची नळी संपली, पलीकडची संपली,
मधलं रबर शाबूत.

कापलं.
इतक्या दाबाला ते चालत नाही,
चाललं, तरी चालत नाही.
थेंबभर जुनं पेट्रोल मनगटावरून
कोपरापर्यंत गेलं, थंडगार.

जुनी नळी शेजारी ठेवून नवी वाकवली, अंगठ्यानं.
टोक फुलवलं ते तिरकं आलं.
दुसरंही.
तिसऱ्याला शेजारचा रोलंड बुशे आला, टॉर्च धरायला,
आणि स्वतःच्या गुडघ्यांविषयी बोलायला.

किल्ली तीनदा अर्धीच फिरवली.
दर वेळी मागून पंपाची दोन सेकंदांची गुणगुण.
"कोरडं," रोलंड खालून म्हणाला.
"परत बघ."
"कोरडंच आहे, बाई."

मग ते दोन क्लॅम्प चिंधीनं पुसले
आणि कॉफीच्या डब्यात टाकले, स्क्रूंबरोबर.
आठवण वगैरे म्हणून नाही.
चांगले आहेत. लागतात.